नाण्याच्या बदली

सुटे नाहीत म्हणून वाण्याने हातावर ठेवलेली गोळी आपण किंचित कुरकुरत घेतो, आणि विसरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या शहरांना मात्र या सुट्या पैशांपायी स्वतःच नाणी पाडावी लागली.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. पुढे सरकारलाच धातू अपुरा पडू लागला. ५ आणि १० फेनिगच्या नाण्यांत तांबे व निकेल असे, आणि या दोन्हींची शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना निकड होती. बदली म्हणून सरकारने लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम यांची नाणी काढली, तीही पुरेनात. मग नगरपालिका पुढे सरसावल्या. १९१७ च्या सुमारास गावोगावची जस्ताची व लोखंडाची नाणी चलनात आली : कुठे गोल, कुठे अष्टकोनी; एका बाजूला गावाचे बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला आकडा. बहुधा ती गावच्या हद्दीपुरतीच चालत. न्यूर्नबर्गच्या लाउअर या कारखान्याने अशी पुष्कळ नाणी पाडली. मुलांच्या खेळातले पैसे बनवण्यासाठी तो आधीपासून प्रसिद्ध होता, हा योगायोग गमतीचा म्हणावा की करुण?

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे ते या नाण्यांवरच्या अक्षरांपाशी. काहींवर ‘क्रीग्सगेल्ड’, म्हणजे युद्धपैसा, असे सरळ लिहिलेले आहे. अनेकांवर मात्र ‘क्लाइनगेल्डएर्झात्समार्के’ हा लांबलचक समास आढळतो : सुट्या पैशांच्या बदलीचा बिल्ला. नाणी पाडण्याचा अधिकार साम्राज्याचा. तेव्हा नगरपालिकेचे हे नाणे स्वतःला नाणे म्हणवत नाही. माझ्या मते हा निव्वळ कारकुनी सावधपणा नव्हे. ‘एर्झात्स’ हा त्या वर्षांतला घराघरातला शब्द होता. भाजलेल्या धान्याची कॉफी हीसुद्धा ‘एर्झात्स’च. साम्राज्याला जे पुरवता येत नव्हते त्याची कबुली अशी रोज, पावाच्या दुकानात, हातोहात फिरत होती. आणि तरीही लोक ती स्वीकारत होते, कारण गावच्या तिजोरीवर त्यांचा विश्वास होता.

युद्धानंतर या प्रकाराचे रूप पालटले. १९२१ मध्ये गावांनी संग्राहकांसाठी रंगीत नोटांच्या मालिका छापल्या, त्यांतल्या कित्येक बाजारात कधी चालल्याच नाहीत. १९२२ मध्ये सरकारने त्या बंद केल्या. जस्ताच्या नाण्यांचे एवढे कौतुक कोणी केले नाही. दमट हवेत त्यांच्यावर पांढरट भुकटी धरते, आणि आधी जातात ती अक्षरेच.