केबल सोडायची सोय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरी पहिली स्कूटर आली १९७६ साली. अण्णांनी तिच्यासाठी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होते आणि गाडी दारात उभी राहिली तेव्हा अकरावीत. आजच्या मुलांना हे सांगितले की ती हसतात. पण त्या काळी वर्षाला किती स्कूटर काढायच्या हे कारखानदार ठरवत नसे, सरकारी परवाना ठरवत असे. इटलीच्या पियाज्यो कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला, बजाजच्या गाडीवरचे व्हेस्पा हे नाव गेले आणि १९७२ पासून राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. आमची तीच.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते आणि खात्यातली शिस्त त्यांनी घरी आणली होती. स्कूटरसाठी त्यांनी वेगळी वही केली. पेट्रोल भरले की तारीख, लिटर, ऑइल किती घातले आणि किलोमीटरचा आकडा. रविवारी सकाळी बेरीज. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याला गाडी मिळे ती शनिवारी, फक्त कॉलेजपर्यंत. पण दादा मित्राला मागे बसवून खडकवासल्याला जाई आणि तरीही वहीत सगळे चोख जुळे.

युक्ती त्याने मला एकदा दाखवली. स्कूटरच्या पुढच्या चाकापासून हँडलपर्यंत एक केबल जाते. चाक फिरले की नळीतली पीळ दिलेली तार फिरते. ती वर एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने वेगाचा काटा हलतो, आणि तिथलेच बारीक दाते किलोमीटरचे आकडे पुढे ढकलतात. दादा स्वारगेटच्या पुढे गेला की ही केबल सोडून ठेवी. काटा शून्यावर, आकडा जागच्या जागी, आणि गाडी मजेत खडकवासल्याला.

अण्णांच्या लक्षात यायला दोन महिने लागले. गाडी लिटरला किती जाते हा आकडा आठवड्या-आठवड्याने उतरत होता, म्हणून त्यांनी ती आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला, पुन्हा बसवला आणि अण्णांच्या कानात काहीतरी सांगितले. रात्री जेवताना अण्णा एवढेच म्हणाले, “कार्ब्युरेटर उत्तम आहे. उद्यापासून केबल लावून ठेव.”

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण आजकाल नव्या स्कूटरबरोबर मोबाइलवर जे ॲप येते, ते पाहिले की मला अण्णांची वही आठवते. वही आता गाडी स्वतः लिहिते, आणि ती अण्णांच्या कपाटात नसते.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. आकाशातल्या उपग्रहांवरून जागा सांगणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मुळात लष्करासाठी होती आणि इतरांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असे. ती चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली गेली, आणि सामान्य माणसालाही आपण कुठल्या गल्लीत उभे आहोत हे कळू लागले. २००८ मध्ये ॲपलने ॲपचे दुकान उघडले. भारतात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि मोबाइलवरचे इंटरनेट भाजीवाल्यालाही परवडू लागले. स्कूटरने मोबाइलशी बोलावे यासाठी लागणारे सामान असे वेगवेगळ्या दारांनी आले.

पहिला मोठा गाजावाजा झाला तो तैवानच्या गोगोरो कंपनीचा. २०११ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २०१५ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात आपली विजेची स्कूटर दाखवली. तिची बॅटरी घरी चार्ज करायची नाही. रस्त्यावरच्या केंद्रात रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. कुठल्या केंद्रात जायचे ते मोबाइल सांगणार. प्रत्येक बॅटरी कुठे आहे आणि कशी वापरली जाते हे कंपनीला माहीत असल्याशिवाय ही व्यवस्था चालूच शकत नाही. म्हणजे गाडीची खबर कंपनीकडे जाणे हा तिथे वरून लावलेला दागिना नव्हता, धंद्याचा पायाच होता.

आपल्याकडे २०१८ हे साल महत्त्वाचे. फेब्रुवारीत टीव्हीएसची एनटॉर्क आली. गाडी पेट्रोलचीच, पण ब्लूटूथने मोबाइलला जोडलेली. फोन कोणाचा आला, वळायचे कुठे, गाडी शेवटी कुठे लावली हे ती सांगू लागली. जूनमध्ये बंगळुरूत एथरची ४५० विक्रीला आली. तरुण मेहता आणि स्वप्निल जैन या आयआयटी मद्रासच्या दोन मुलांनी २०१३ मध्ये काढलेली ही कंपनी. त्यांच्या विजेच्या स्कूटरला मोबाइलसारखाच पडदा होता आणि पोटात स्वतःचे सिमकार्ड.

या दोन गाड्या चार महिन्यांच्या अंतराने आल्या म्हणून आपण त्यांना एका माळेत ओवतो. पण त्यांच्यातला फरक इथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ब्लूटूथची हाक हाकेच्या अंतरावरच ऐकू येते. त्या गाडीला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसते. ठाऊक असते ते तुमच्या खिशातल्या मोबाइलला. तुम्ही गाडी लावून चालू लागलात, दोघांची जोडणी तुटली, की मोबाइल ती जागा टिपून ठेवतो. ‘गाडी इथे लावली होती’ असे तो म्हणतो तेव्हा तो स्वतःची आठवण सांगत असतो. सिमकार्डवाल्या गाडीचे तसे नाही. जागा तिची तिला कळते आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून थेट कंपनीच्या संगणकाला कळवते. तुम्ही ॲप उघडता तेव्हा गाडीला विचारत नाही, कंपनीला विचारता. म्हणून गाडी नाशिकला आणि तुम्ही पुण्यात असलात तरी उत्तर येते. आणि म्हणूनच उत्तर तुम्हालाच मिळेल असे नाही; ज्याच्या नावावर खाते, त्याला मिळते.

बजाजने २००९ च्या डिसेंबरात स्कूटरचा धंदाच सोडायचे जाहीर केले होते. दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत, चेतक परत आली ती विजेची होऊन, आणि मोबाइलच्या ॲपसह. पहिली विक्री पुण्यात आणि बंगळुरूत. २०२१ च्या १५ ऑगस्टला ओलाची एस-१ आली. तिच्यात आधी सांगितलेल्या काही सोयी ग्राहकांच्या हाती गाडीपाठोपाठ, २०२२ मध्ये, हवेतून उतरलेल्या नव्या सॉफ्टवेअरने आल्या. आमच्या वेळी गाडी दारात आली की ती पुरी झालेली असे. पुढे तिच्यात होई ती फक्त झीज. आता गाडी रात्री उभ्या उभ्या बदलते. माझ्या पिढीला हे पचायला जड जाते, पण यात वाईट काही नाही.

सोयी खऱ्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पेट्रोल संपत आले तर आम्ही कॉक फिरवून ‘रिझर्व्ह’ला लावत असू आणि पंप गाठत असू. विजेच्या गाडीला असा कॉक नाही आणि बॅटरी भरायला तास लागतात, तेव्हा किती उरली हे घरबसल्या कळणे ही चैन नव्हे. गाडी चोरीला गेली तर ती कुठे आहे हे कळते. कोणी नुसती हलवली तरी काही गाड्या मोबाइलवर ओरडतात.

दुसरी बाजू दिसली ती २०२३ च्या जुलैत, नेदरलँड्समध्ये. व्हॅनमूफ ही ॲमस्टरडॅमची कंपनी ॲपने कुलूप उघडणाऱ्या विजेच्या सायकली विकत असे. तिचे दिवाळे निघाले. सायकली लोकांच्या दारात, पैसे फिटलेले, आणि तरी लोक घाबरले, कारण मोबाइलला सायकलीची ओळख पटवणारी किल्ली कंपनीच्या संगणकावरून येई. तो संगणक बंद पडला तर? शेवटी बेल्जियमच्या काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने लोकांना आपापल्या किल्ल्या उतरवून ठेवता याव्यात म्हणून एक ॲप घाईघाईने काढून दिले. प्रतिस्पर्ध्याचे हे सौजन्य मला फार आवडले. पण आपल्या सायकलीवर बसायला दुसऱ्याच्या सौजन्याची वाट पाहावी लागणे ही गोष्ट दुचाकीच्या इतिहासात नवी होती.

मला मात्र त्याहून जवळचा प्रश्न सतावतो. तो पुण्यातल्या बायकांचा आहे.

१९७२ मध्येच कायनेटिकने लुना आणली. पन्नास सीसीची, पायडल असलेली. पेट्रोल संपले तर सायकलसारखी मारत घरी आणता येई. १९७९ मध्ये, टीवायला असताना, दादाने पहिल्या पगारातून मला लुना घेऊन दिली. अण्णांची वही तिला लागू नव्हती, कारण दादाने तसे ठरवूनच घेतले होते. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटन दाबले की सुरू, गिअर नाही, साडीतही चालवता येणारी. मग स्कूटी, २००१ मध्ये ॲक्टिवा. बाहेरगावचे पाहुणे पुण्याच्या रस्त्यांवर इतक्या बायका गाडी चालवताना बघून थक्क होत. तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुलींवर तर केवढे विनोद झाले! धुळीसाठी म्हणत, उन्हासाठी म्हणत. ते खरेच होते. पण त्या ओढणीआड आपण कोण हे कोपऱ्यावरच्या काकांना कळत नाही, हेही त्या मुलींना ठाऊक होते.

बसला थांबे होते, कंडक्टर होता, शेजारी बसलेली ओळखीची बाई होती. लुनावर कोणी नव्हते. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचा वेळ माझा होता. त्या वेळात मी काही भलतेसलते केले नाही. बहुतेक वेळा लायब्ररीत गेले, दोनदा एकटीने सिनेमा पाहिला. पण कोणी पाहत नाही म्हणून भलते न करणे आणि कोणी पाहते म्हणून न करणे, यांत फरक आहे.

२०२३ मध्ये माझ्या मुलाने नातीला विजेची स्कूटर घेऊन दिली. कंपनीचे नाव सांगत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही. गाडी त्याच्या नावावर, मोबाइल नंबर त्याचा, ओटीपी त्याला, साहजिकच ॲपही त्याच्याकडे. सुरुवातीला तो फक्त बॅटरी बघत असे. मग नकाशा बघू लागला. मुलगा माझा आहे, म्हणून सांगते: वाईट माणूस नाही तो, काळजी करणारा आहे. अण्णाही काळजीच करत होते.

पावसाळ्यातल्या एका रात्री पावणेनऊला त्याने ॲप उघडले तर गाडी सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याला. नातीने सांगितले होते सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाते म्हणून. फोन लागेना. त्याने रेनकोट चढवला आणि गाडी काढली. मी म्हटले, “थोडे थांब.” तो थांबला नाही. डोणज्याला एका टपरीपाशी तिची स्कूटर मिळाली, आणि तिच्याशेजारी चहा पीत बसलेली तिची मैत्रीण. गाडी तिने संध्याकाळी मागून घेतली होती. नात खरोखर अभ्यासिकेत होती, फोन बंद करून, कारण तिथला नियमच तसा आहे.

यंत्राने खोटे सांगितले नव्हते. ते गाडीबद्दल सांगत होते आणि बाप मुलीबद्दल ऐकत होता.

२०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सहाच महिन्यांनी एनटॉर्क बाजारात आली. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. माहिती ज्याची, त्याची संमती, असे त्याचे मुख्य सूत्र. पण आमच्या घरात संमती दिली ती माझ्या मुलाने, शोरूममध्ये, मोबाइलवर बोट टेकवून. प्रवास होता नातीचा.

त्या रात्री ती घरी आल्यावर मोठे भांडण झाले नाही. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला विचारायचं होतं.” तो म्हणाला, “फोन बंद होता.” दोघांचेही खरे होते. दुसऱ्या दिवशी मी तिला दादाची आणि केबलची गोष्ट सांगितली. ती खूप हसली आणि मग विचारलेन, “आजी, माझ्या गाडीची केबल कुठे असते?” मी तिच्याबरोबर गाडीला एक फेरी मारली. दिसण्यासारखे काहीच नव्हते.

आता खाते तिने स्वतःच्या नंबरवर करून घेतले आहे. शोरूमच्या दोन चकरा, एक अर्ज आणि बारा दिवस लागले. शेवटचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर आला. तो त्यांनी तिला वाचून दाखवला, एकेक आकडा, सावकाश.