आबालाल रहिमान यांची उत्तरकालीन निसर्गचित्रे

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (जन्मवर्ष काही ठिकाणी १८५६, काही ठिकाणी १८६० दिले जाते, मृत्यू २८ डिसेंबर १९३१) यांनी उतारवयात रंकाळा व कोटितीर्थ या तलावांच्या आणि पंचगंगा नदीच्या परिसरात केलेली चित्रे. तैलरंग, जलरंग, पेन्सिल अशी नाना माध्यमे त्यांनी हाताळली.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. पुढे ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. व्यक्तिचित्रणात तरबेज असूनही त्यांचे मन रमले ते पाण्याकाठी. कोटितीर्थाजवळ एकाकी राहून ते तेच काठ पुन्हापुन्हा रंगवत. कलाशाळेच्या शिस्तीतली घट्ट बाह्यरेषा या चित्रांत सुटत जाते. रंगाचे लहान फटकारे शेजारी शेजारी बसतात, झाड आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यातली सीमा पुसट होते. तळ्यावर त्या घटकेला पडलेला उजेड हाच चित्राचा विषय बनतो. युरोपात दृक्प्रत्ययवादी जे शोधत होते, त्याच्या जवळ ते कोल्हापुरात राहूनच पोहोचले.

अभिव्यक्तिवादाचा एक अग्रदूत मानला जाणारा बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सॉर (१८६०–१९४९) हाही जवळपास याच वयाचा. शिक्षणाचा काळ वगळता तोही ऑस्टेंड या आपल्या समुद्रकाठच्या गावीच राहिला. मुखवट्यांची त्याची बोचरी दुनिया आबालालांच्या चित्रांपासून फार दूरची आहे, पण काठावरच्या उजेडाची ओढ दोघांनाही होती.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाल्यावर दुःखावेगात आबालालांनी आपली बरीच चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. ही कथा चित्रांपेक्षा जास्त गाजली, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, चंद्रकांत मांडरे यांच्यापर्यंत आलेल्या कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत आबालालांचे स्थान मूळपुरुषाचे आहे.

त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. कोल्हापूरला येणाऱ्यांनी तेवढा वेळ काढून ती पाहावीत.