गुडघ्याचं दुखणं किती टक्के?

लष्करातून, नौदलातून निवृत्त होऊन बोर्लीला परतलेल्या माणसांविषयी आज बोलायचंय. ऐकायचं मात्र त्यांच्या घरच्या बायकांनी, कारण ट्रंकेतले कागद कुठे आहेत ते आपल्यालाच ठाऊक असतं.

लढाईतली जखम सगळ्यांना दिसते. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था आजही खडकीला आहे. सरकलेला मणका आणि झिजलेला गुडघा मात्र दिसत नाहीत. १९८२ च्या नियमांप्रमाणे मेडिकल बोर्ड दोन गोष्टी ठरवायचं: दुखणं नोकरीमुळे झालं किंवा वाढलं का, आणि ते किती टक्के. वीस टक्क्यांच्या खाली भरलं, तर निवृत्त होणाऱ्याला अपंगत्वाची पेन्शन नाही. वीस भरूनही ‘नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा पडला, तरी नाहीच!

जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हे फिरवलं. त्यांना फिट्स येत होत्या. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत लागला असं धरा. तसं नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. पाठीच्या आणि गुडघ्याच्या दाव्यांनाही हाच आधार मिळाला. आम्हाला हे साध्या न्यायाचं वाटतं. धडधाकट पोरगा बघूनच तर त्याला घेतला होता.

आता टक्केवारी. १९९६ पासून, दुखण्यामुळे नोकरी सोडावी लागलेल्यांचे पन्नासच्या आतले टक्के पन्नास धरले जात, त्यापुढचे पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर. मुदत पुरी करून आलेल्यांना हा लाभ नव्हता. तो डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मिळाला. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, असा हिशेब आहे. पगार ४०,००० असेल तर वीस टक्क्यांचे २,४०० होतात, पन्नासचे ६,०००. गोळ्या-औषधांच्या घरात हा फरक मोठा आहे.

सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी ते वेगळे विचारून घ्यावेत. बाकीच्यांनी मेडिकल बोर्डाचा कागद, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढून ठेवा. नाकारल्याचं पत्र असेल तर तेही. त्यावर अपील करता येतं, आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे. पहिली चौकशी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलं की पुढे मुरूडमार्गे रस्ता आहे. गुडघे दुखणाऱ्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.