परसातला पाहुणा आणि त्याचं नाव

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या परसात अ‍ॅव्होकॅडोचं झाड आहे. या दिवाळीत पणत्या लावायला बाहेर जाल, तेव्हा त्याच्या खोडाकडे जरा निरखून पाहा. बॉलपेनच्या टोकाएवढं गोल भोक आणि भोवती साखरेसारखी पांढरी पूड दिसली, तर आत एक आशियाई पाहुणा असू शकतो.

हा जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा लाकूड पोखरतो, पण खात नाही. मादी तोंडाजवळच्या बारीक पिशव्यांत बुरशी घेऊन येते, बोगद्यात तिची लागवड करते आणि सगळं कुटुंब त्या शेतीवर जगतं. झाड मात्र त्याच बुरशीने वाळतं. १८३६ साली ऑस्ट्रियातल्या श्मिडबर्गर यांनी अशा एका भुंगेऱ्याच्या बोगद्यातल्या थराला ‘अँब्रोशिया’ म्हटलं. ग्रीक देवांचं हे अन्न. आपण अमृत म्हणू. तो थर बुरशीचा आहे हे पुढे १८४४ मध्ये हार्टिग यांनी दाखवलं.

आशियाच्या उष्ण जंगलांत या भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती आहेत. डेहराडूनला बीसन, ऑस्ट्रियात शेडल अशा अभ्यासकांनी त्या भिंगाखाली पाहून वेगळ्या केल्या. आपल्या पाहुण्याची कथा मात्र सिलोनची. तिथून आलेल्या एका भुंगेऱ्याला १८६८ मध्ये जर्मन वनाधिकारी आइखहोफ यांनी ‘फॉर्निकाटस’ नाव दिलं. पुढे सिलोनच्या चहाच्या फांद्या पोखरणारा भुंगेरा तो हाच, असं धरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात हॅम्बुर्गमधला आइखहोफ यांचा संग्रह नष्ट झाला. मूळ नमुनाच हाताशी नाही, तर नाव पडताळणार कशावरून?

२००३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सापडलेला भुंगेराही चहाचाच समजला गेला. २०१२ मध्ये अ‍ॅव्होकॅडोची झाडं वाळू लागल्यावर शोध वाढला. डीएनए तपासल्यावर कळलं, की एकसारख्या दिसणाऱ्या या भुंगेऱ्यांत अनेक जाती आहेत. २०१८ मध्ये जुनं नाव चहाच्या भुंगेऱ्याकडे ठेवून आपल्याकडच्याला वेगळं नाव देण्यात आलं. आणि २०१९ मध्ये, हरवला असं वाटलेला मूळ नमुना सापडल्याचं जाहीर झालं! मोजमापं घेतली आणि निकाल फिरला: ‘फॉर्निकाटस’ तो आपल्या परसातला, चहाचा तो ‘परब्रेव्हिस’.

पासपोर्टवर एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इथेही तसंच आहे. किडीचे नैसर्गिक शत्रू तिच्या मूळ गावी शोधावे लागतात. जात चुकली की गावही चुकतं. जुन्या नोंदी वाचतानाही त्या नेमक्या कोणाच्या, हे आता पुन्हा पाहावं लागतं.

तुम्ही एवढंच करा: भोक दिसलं तर फोटो काढून जवळच्या कृषी कार्यालयाला कळवा, आणि कापलेलं लाकूड दुसऱ्या गावी नेऊ नका. हा पाहुणा त्यातूनच पुढच्या मुक्कामाला जातो.