लेखणी फेकून मारणारी मास्तरीण

माझ्या आईचा काळा बुरखा दाराआडच्या खुंटीला टांगलेला असे. बाजाराला निघताना ती तो चढवी, परतल्यावर पुन्हा खुंटीला. आम्हा पोरांना त्याचं ना भय होतं, ना कौतुक. त्याच वेषात कुणी छपरांवरून उड्या मारील, हे काही आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

२०१३ च्या जुलैअखेर पाकिस्तानात ‘बुर्का अ‍ॅव्हेंजर’ ही उर्दू कार्टून मालिका सुरू झाली. तिचा कर्ता हारून हा मूळचा पॉपगायक. हलवापूर नावाच्या काल्पनिक गावात जिया ही शाळामास्तरीण. बाबा बंदूक आणि भ्रष्ट पुढारी वडेरो पजेरो (नावंच पाहा!) मुलींच्या शाळेला टाळं ठोकू पाहतात. मग जिया बुरखा चढवते आणि पुस्तकं, लेखण्या फेकून त्यांना पिटाळते. हातात बंदूक नाही.

गोष्ट हवेतली नव्हती. स्वात खोऱ्यात तालिबानने १५ जानेवारी २००९ पासून मुलींचं शिक्षण बंद, असं फर्मान काढलं होतं. तिथल्याच मलाला युसुफझाईवर ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेतून परतताना गोळी झाडली गेली.

मालिकेला अमेरिकेतला मानाचा पीबॉडी पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये ती आपल्याकडे हिंदीतही आली. घरच्या आघाडीवर मात्र वाद पेटला. शेरी रहमान यांच्यासारख्या पुरोगामी नेत्यांनी विचारलं, शूर बाईला बुरखाच कशाला? हारूनचं म्हणणं, हा केवळ ओळख लपवण्याचा वेष. शाळेत शिकवताना जिया डोकंसुद्धा झाकत नाही.

मला आधी तो आक्षेप कोता वाटला. कार्टूनच तर आहे! पण हे भांडण कार्टूनपेक्षा जुनं आहे. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत सरकारी दूरचित्रवाणीवरच्या बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे, असा हुकूम निघाला होता. लोकप्रिय निवेदिका मेहताब चन्ना यांनी तो मानला नाही आणि त्या पडद्यावरून दूर झाल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना त्याच पडद्यावर बुरखा हे शौर्याचं चिन्ह झालेलं कसं रुचावं? ज्यांच्या लेकी बुरखा घालूनच शाळेत जातात, त्यांना मात्र ती मास्तरीण आपली वाटली असणार. तेही खोटं कसं म्हणू?

माझ्या भाचीला मी एक भाग दाखवला. तिला बुरख्याचं काहीच वाटलं नाही. फेकलेली पेनं नंतर गोळा कोण करतं, एवढंच तिने विचारलं.

आई चौथीपर्यंत शिकली. पाचवीसाठी बुरखा घ्यायला ती आपणहून तयार झाली होती. आजोबांनी बुरखा शिवून दिला, शाळेत मात्र पाठवलं नाही.