रक्तगट, विषाणुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या

विषाणुसंसर्गात रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका सर्वांना सारखा नसतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो आणि तिच्यातला सर्वांत परिचित घटक म्हणजे रक्तगट ठरवणारे जनुक.

बुलढाणा जिल्ह्यात मार्च २०२० च्या अखेरीस कोविडचा पहिला मृत्यू नोंदला गेला, तेव्हा हा आजार मुख्यतः फुप्फुसांचा मानला जाई. एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३१ टक्के रुग्णांना गुठळ्यांचा उपद्रव झाला होता. पुढे गुठळ्यांचा माग लावणाऱ्या ‘डी-डायमर’ या रक्तचाचणीचे नाव घरोघरी माहीत झाले. जूनमध्ये इटली व स्पेनमधील गंभीर रुग्णांच्या जनुकीय पाहणीतून तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्रांवरच्या दोन जागा पुढे आल्या. नवव्यावरची जागा एबीओ रक्तगटाची: ए गटात गंभीर आजाराचा धोका काहीसा जास्त, ओ गटात कमी. यावरून ओ गटाच्या लोकांनी निर्धास्त व्हावे असे मात्र काही नव्हते. समूहांतला हा लहानसा फरक एकेका रुग्णाला लावता येत नाही.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारा फॉन विलेब्रांड घटक प्लेटलेट्सना जखमेपाशी चिकटवून ठेवतो. ए आणि बी जनुके या प्रथिनावरही शर्करेचे रेणू बसवतात. ओ गटात ते बसत नाहीत, प्रथिन लवकर नाहीसे होते आणि त्याची पातळी सुमारे २५ टक्क्यांनी कमी राहते. विषाणूमुळे अस्तराला इजा झाली की हाच घटक मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतो. मूळ पातळी जनुकाची, वरची भर विषाणूची.

याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडले. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. या लोकांच्या तांबड्या पेशींवर ए, बी तर नसतातच, पण ज्यावर ते उभे राहतात तो एच प्रतिजनही नसतो, म्हणून त्यांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. २००५ च्या संशोधनात त्यांच्यात फॉन विलेब्रांड घटक कमी असून विकरामुळे तो लवकर तुटतो, असे दिसले.

युरोपात आनुवंशिक गुठळ्यांचे नाव काढले की प्रथम येतो १९९४ मध्ये ओळखला गेलेला ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ दोष. भारतीयांत तो तुलनेने विरळ आहे. प्रथिन सी, प्रथिन एस आणि अँटिथ्रॉम्बिन यांच्या जन्मजात कमतरताही तपासाव्या लागतात. त्यातही कांजिण्यांनंतर काही मुलांत प्रथिन एसविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ते तात्पुरते घटते. त्यामुळे ऐन आजारात आलेला कमी आकडा आनुवंशिक समजू नये, आजार ओसरल्यावर तपासणी पुन्हा करावी.