वासुदेव गायतोंडे : सिंहावलोकनी प्रदर्शन आणि चित्रविचार

भारतीय आधुनिक चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे (1924–2001) यांच्या कलानिर्मितीचा समग्र आढावा घेणारे पहिले संग्रहालयीन प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 24 ऑक्टोबर 2014 ते 11 फेब्रुवारी 2015 या काळात भरले. संधिनी पोद्दार यांनी त्याचे संयोजन केले होते. निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली सुमारे 45 चित्रे व कागदावरील कामे त्यासाठी एकत्र आणण्यात आली. पुढे हे प्रदर्शन ऑक्टोबर 2015 मध्ये व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात गेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही 2019 मध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. जागतिक स्तरावरील हा सन्मान चित्रकाराच्या निधनानंतर 13 वर्षांनी घडून आला.

जीवनपट

गायतोंडे यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपूर येथे झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र गोव्यातील बार्देश तालुक्यातील उसकई. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी 1948 मध्ये पदविका घेतली. 1950 मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. भुलाभाई देसाई संस्थेच्या वास्तूत रविशंकर, अल्काझी यांच्यासारख्या कलावंतांच्या सहवासात त्यांनी काम केले. 1957 मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. 1971 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. 1972 मध्ये ते दिल्लीस स्थायिक झाले. 1984 मधील अपघातानंतर काही वर्षे त्यांचे मोठे कॅनव्हास थांबले. कागदावरील रेखाटने त्या काळातील होत. 10 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपद्धती

आरंभीच्या चित्रांवर भारतीय लघुचित्रे आणि पॉल क्ले यांचा संस्कार दिसतो. 1950च्या दशकाअखेरीस मानवी आकृती त्यांच्या चित्रांतून निघून गेली. पुढे कुंचल्याऐवजी रोलर व पॅलेट नाइफ ही त्यांची साधने बनली. रंगाचा थर द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा खरवडावा, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घ्यावा, अशा क्रमाने चित्र सिद्ध होई. त्यामुळे रंगाच्या आतून प्रकाश झिरपत असल्याचा भास होतो आणि त्यावर अनोळखी लिपीसारखे आकार तरंगत राहतात. चित्र काढण्याआधीचे दीर्घ चिंतन हाही त्यांच्या पद्धतीचाच भाग असल्याने वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. ‘अमूर्त’ ही संज्ञा त्यांना मान्य नव्हती. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते मानीत. झेन विचार, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्याविषयी त्यांना ओढ होती.

सीमाभागातील रसिक आणि गायतोंडे

बेळगाव-निपाणी परिसरातील कलादृष्टी प्रामुख्याने वास्तववादी परंपरेवर पोसली गेली. एकीकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर, तर दुसरीकडे बेळगावात के. बी. कुलकर्णी यांचे चित्रमंदिर आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे, असा हा वारसा आहे. व्यक्तिचित्र ओळखू आले की ते साधले, हा येथील रसिकाचा सहज निकष. गायतोंडे यांच्या चित्रापुढे तो निकष लागू पडत नाही. तरीही दोन्ही वाटांत एक समान सूत्र आढळते : माध्यमावरील प्रभुत्व आणि घाईला दिलेला नकार. चित्रात काय आहे हे विचारण्याआधी प्रकाश कोठून येतो ते पाहिले, तर वास्तववादात मुरलेल्या डोळ्यालाही हे चित्र परके राहत नाही.

वारशाचा प्रश्न

डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला 23.7 कोटी रुपये मिळाले आणि त्यानंतर किमतीचे आकडे चढतच गेले. परिणामी गायतोंडे हे नाव अनेकांना चित्रांपेक्षा लिलावाच्या बातम्यांतून अधिक परिचयाचे झाले. मोजक्या निर्मितीपैकी बराच भाग खासगी संग्रहांत असल्याने मूळ कॅनव्हाससमोर उभे राहण्याची संधी सामान्य रसिकाला क्वचितच लाभते. छापील प्रतिकृतीत रंगांचे थर हरवतात आणि त्या थरांतच हे चित्र वसलेले असते. म्हणूनच सिंहावलोकनी प्रदर्शनाचे मोल केवळ गौरवापुरते नाही. खासगी भिंतींवरून उतरून चित्रे काही काळ तरी सर्वांच्या नजरेसमोर येतात, हे त्याचे खरे कार्य होय.